फॉरमॅट मारला की सगळं जातं का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. 2019 साली घेतलेला त्यांचा लॅपटॉप कपाटात पडून आहे, आणि भाचीच्या ओळखीचा कॉलेजातला एक मुलगा तो विकत घ्यायला तयार आहे. पण घराच्या मुंडकार केसचे (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या राहत्या घराच्या हक्काच्या खटल्याचे) कागद, काजूच्या भाटाचे (बागेचे) एक-चौदाचे उतारे, म्हणजे आमचा गोव्यातला सातबारा, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, बँकेची स्टेटमेंटं, सगळं यजमानांनी त्यात स्कॅन करून ठेवलं आहे. कोविडमध्ये मी त्याच लॅपटॉपवर वर्ग घेतले, त्यामुळे मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबरही आहेत. शेजारचा मुलगा म्हणतो, ‘काकी, फॉरमॅट मारून देतो, दहा मिनिटांचं काम.’ मुलगी पुण्याहून सांगते, फॉरमॅट मारला तरी सगळं परत काढता येतं, विकूच नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर : बाई, लॅपटॉप विका. फक्त दहा मिनिटांच्या फॉरमॅटवर विकू नका. फॉरमॅटबद्दलचं मुलीचं म्हणणं खरं आहे. शेजारच्या मुलाचा हेतू चांगला आहे, पण त्याला गोष्ट अर्धीच माहीत आहे.

तुम्ही जन्मभर शाळेचं जनरल रजिस्टर सांभाळलंत, म्हणून त्याच भाषेत सांगते. कॉम्प्युटरमध्येही असं एक रजिस्टर असतं. कुठली फाइल डिस्कच्या कुठल्या जागी बसली आहे, याची त्यात नोंद असते. आपण फाइल डिलीट करतो, रिसायकल बिन रिकामा करतो, तेव्हा रजिस्टरमधली ओळ फक्त खोडली जाते. मूल बाकावर बसलेलंच असतं. त्या बाकावर दुसरं मूल येऊन बसेपर्यंत पहिलं तिथून हलत नाही. झटपट फॉरमॅट म्हणजे सगळं रजिस्टर फेकून नवं कोरं आणणं. वर्ग भरलेलाच राहतो. फोटोरेकसारखे फुकट मिळणारे प्रोग्राम रजिस्टरकडे बघतसुद्धा नाहीत, ते थेट वर्गात शिरून एकेका बाकावर कोण आहे ते पाहतात.

हे मी स्वतः पाहिलं आहे. फोंड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, 21 वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एक मुलगा सेकंड हँड घेतलेला लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टचे फोटो चुकून उडाले होते. मी रात्रभर रिकव्हरी लावून ठेवली. सकाळी पाहिलं तर त्याचे फोटो मिळालेच, पण त्यांच्यासोबत एक परकं कुटुंब उभं राहिलं. बारशाचे फोटो, एका वृद्ध गृहस्थांचा पासपोर्ट, मालमत्तेच्या वाटणीचे इन्व्हेंटरीचे कागद आणि एका बाईंचे तपासणीचे रिपोर्ट. त्या बाईंच्या आजाराचं नाव मी वाचलं. त्यांच्या घरात तरी ते सगळ्यांना ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. तो लॅपटॉप ‘फॉरमॅट मारून’च विकला गेला होता. मुलाचे फोटो त्याला काढून दिले आणि त्याच्यासमोर बसून बाकीची डिस्क नीट पुसली. तेव्हापासून दुकानात कोणी जुना लॅपटॉप विकायचं नाव काढलं की मी त्याला खुर्ची देते आणि हे सगळं पहिल्यापासून सांगते.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्या डिस्कपैकी 129 चालू होत्या, आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या किती? फक्त 12. बाकीच्यांत पत्रं, आजारपणाची माहिती, पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर होते.

आता तुमच्या लॅपटॉपचं बघू. पुसण्याची घाई करू नका. आधी हवं ते बाहेर काढा, कारण नीट पुसलेलं मलाही परत काढता येत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ सगळे घेतात, पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह विसरतात, आणि यजमानांसारखी शिस्तीची माणसं नेमकी डी ड्राइव्हवर फोल्डर करून ठेवतात. यजमान श्रीलिपीत मराठी टाइप करत असतील तर त्या फाइली लॅपटॉप चालू असतानाच उघडून पीडीएफ करून घ्या. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की त्यांचं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मुंडकार केसच्या कागदांच्या मात्र दोन प्रती काढा, एक तुमच्याकडे आणि एक मुलीकडे. आणि त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली असं वाटणं आणि फाइल उघडणं यात फार अंतर असतं.

मग खाती बंद करायची. इथे एक खाच आहे, ती मुलीलाही सांगा. क्रोममध्ये गूगल खातं जोडलेलं असेल आणि तुम्ही लॅपटॉपवरून जतन केलेले पासवर्ड डिलीट करायला गेलात, तर ते तुमच्या फोनमधूनही जातात, कारण दोन्हीकडे एकच यादी असते. म्हणून आधी क्रोममधून साइन आउट करा, पासवर्डांना हात लावू नका, ते डिस्कबरोबर पुसले जातीलच. व्हॉट्सअॅप लॅपटॉपवर जोडलेलं असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते तोडा.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डिस्क कुठल्या जातीची आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलात की डावीकडे डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क) किंवा एसएसडी (नुसत्या चिपांची डिस्क) लिहिलेलं दिसतं. 2019 च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन्ही असायच्या, विंडोजसाठी लहान एसएसडी आणि सामानासाठी 1 टीबीची हार्ड डिस्क. तुमच्याकडे ‘डिस्क 0’ आणि ‘डिस्क 1’ अशा दोन ओळी दिसल्या तर कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे आलेल्या जुन्या लॅपटॉपांत सगळ्यात जास्त माहिती कुठे सापडली असेल तर विसरलेल्या या दुसऱ्या डिस्कवर.

फिरती हार्ड डिस्क असेल तर काम सोपं आहे. विंडोज 10 मध्ये सेटिंग्जमधल्या ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त ‘रिकव्हरी’ आहे. विंडोज 11 मध्ये तीच गोष्ट ‘सिस्टम’मध्ये सापडेल. तिथे ‘रिसेट धिस पीसी’ आणि मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. यापुढे बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबत सुटतात. तसं करू नका. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘क्लीन डेटा’ हा पर्याय बंद असतो, तो चालू करा. दोन डिस्क असतील तर सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली काढण्याचा पर्यायही तिथेच असतो, तोही चालू करा. एका बटणाचाच फरक आहे. ‘क्लीन डेटा’ चालू केलं की प्रत्येक बाकावर नवं मूल बसवलं जातं.

याला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. सेकंदाला 100 एमबी या वेगाने 1 टीबी डिस्क एकदा भरून काढायला पावणेतीन तास जातात. जुनी डिस्क त्याहून हळू चालते. दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणून कोणी लॅपटॉप हातात ठेवला, तर फिरती डिस्क पुसली गेलेली नाही एवढं नक्की समजा. चार्जर लावून ठेवा. पावसाच्या दिवसांत डिचोलीकडे लाईट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. बॅटरी थकलेली असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा आणि गडगडाट नसलेली दुपार निवडा.

एसएसडीचं वेगळं आहे. तिच्यात लिहिण्याची प्रत्येक जागा ठरावीक वेळाच वापरता येते, म्हणून डिस्कच्या आतलीच एक यंत्रणा काम सगळ्या जागांवर सारखं वाटत राहते. तुम्ही जुन्या फाइलवर नवं लिहायला सांगता तेव्हा ती नवं दुसरीकडेच लिहिते. काही जागा राखीव असतात, तिथे विंडोजचा हातच पोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी 2011 साली हे तपासलं, तेव्हा हार्ड डिस्कसाठी बनवलेल्या, एकेक फाइल पुसणाऱ्या सगळ्या पद्धती एसएसडीवर अपुऱ्या पडल्या. एसएसडीवर डिलीट केलेल्या फाइली बऱ्याचदा आपोआप साफ होतात हेही खरं, कारण विंडोज तिला कुठली जागा मोकळी झाली ते कळवत असतं. पण ‘बऱ्याचदा’ या शब्दावर मी माझं आधार कार्ड सोपवणार नाही.

म्हणून एसएसडीला स्वतःलाच पुसायला सांगावं लागतं. लॅपटॉप सुरू होताना एफ2, एफ10 असं काही बटण दाबून जो बायोस उघडतो, त्यात पुष्कळ कंपन्या ‘सिक्युअर इरेझ’ किंवा ‘डेटा वाइप’ देतात. तो आदेश डिस्कच्या राखीव जागांपर्यंत जातो आणि बहुधा काही मिनिटांत संपतो. विंडोजही त्यासोबत जातं, पण घाबरू नका. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच नोंदलेली असते. मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणारं साधन वापरून पेन ड्राइव्हवरून तीच आवृत्ती परत घातली की ती आपोआप सुरू होते. तो पेन ड्राइव्ह मात्र आधीच बनवून ठेवा.

बायोसमध्ये असा पर्याय नसला तर दुसरी वाट कुलपाची. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे सगळी डिस्क सांकेतिक करणारं विंडोजचं कुलूप, चालू करा आणि विचारल्यावर ‘पूर्ण ड्राइव्ह’ निवडा, ‘फक्त वापरलेली जागा’ नको. होम आवृत्तीत काही लॅपटॉपांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळतं. सगळी डिस्क सांकेतिक होऊ द्या आणि मग वर सांगितलेलं रिसेट ‘क्लीन डेटा’सकट करा. किल्ली गेली की मागे उरलेल्या तुकड्यांचा अर्थ लावता येत नाही. कुलूप लावण्याआधीचे जुने तुकडे राखीव जागेत राहण्याची थोडी शक्यता उरते, म्हणून माझी पहिली पसंती बायोसलाच. आणि एक आवर्जून सांगते, पुसून होईपर्यंत मायक्रोसॉफ्ट खात्यातून हा लॅपटॉप काढू नका. कुलूप मध्येच अडलं तर त्याची किल्ली बहुधा त्या खात्यातच ठेवलेली असते. सगळं झालं की मग काढा.

शेवटी विंडोज पहिल्यांदा भाषा किंवा देश विचारील. तिथेच थांबा आणि पॉवरचं बटण धरून बंद करा. पुढचं घेणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावाने करावं. तुमचं खातं त्यात पुन्हा घालून दाखवायची गरज नाही. विंडोज 10 असेल तर त्याला हेही स्पष्ट सांगा की मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला आहे. तो पोर अभ्यासासाठी घेतोय, त्याला कळायला हवं.

शेजारच्या मुलाकडूनच करून घ्या, पण तुमच्या ओटीवर, तुमच्यासमोर. हे पान त्याला वाचायला द्या. झाल्यावर त्याला फोटोरेक चालवायला सांगा. एकही घरचा फोटो वर आला नाही, तर लॅपटॉप द्यायला हरकत नाही. विकताना साध्या कागदावर लॅपटॉपचा सीरियल नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. उद्या त्या मशीनवरून काही भलतंसलतं झालं तर ते तुमच्याकडे नव्हतं हे दाखवायला तो कागद लागतो.

आणि बाई, पुसण्याच्या दिवशी मुलगी घरी असेल तर बरं. यजमानांनी नावं दिलेल्या फोल्डरांवर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ दाबणं सोपं नसतं. माझ्या दुकानात माणसं त्या बटणापाशी थांबलेली मी पाहिली आहेत. प्रती दोन आहेत याची खात्री झाल्याशिवाय दाबू नका. त्यासाठी आणखी एक महिना गेला तरी चालेल.

प्रश्न : म्हापशाचा वाचक आहे. गेल्या पावसात घरात पाणी शिरलं आणि लॅपटॉप बंद पडला, तो आजतागायत सुरूच होत नाही. दुकानदार म्हणतो, ‘मेलेलाच आहे, एक्स्चेंजमध्ये द्या, त्यातलं आता कोण काय काढणार?’ देऊ का?

उत्तर : डिस्क काढून घेऊन द्या. पाण्याने बहुधा मदरबोर्ड जातो, डिस्कवरची माहिती तिथेच असते. ती दुसऱ्या मशीनला जोडली की वाचता येते. बंद पडलेला लॅपटॉप उलट जास्त जपायचा, कारण तो तुम्हाला पुसता येत नाही.

मागचं झाकण उघडायला बहुतेक मॉडेलांत एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. हार्ड डिस्क पत्त्यांच्या जोडाएवढी असते. एम-टू जातीची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते आणि एकाच स्क्रूवर बसलेली असते. काही पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते. तुमच्याकडे तसं निघालं आणि डिस्कला कुलूप नसेल, तर तो बोर्ड एक्स्चेंजमध्ये देऊ नका, असा माझा सल्ला आहे. मिळणारी सूट त्या मोलाची नाही.

काढलेली डिस्क वाळू द्या. ओली असताना वीज जोडू नका. मग यूएसबी केसिंगमध्ये घालून बघा, चालली तर हवं ते काढून ती पुसा किंवा बॅकअपला वापरा. चाललीच नाही तर मोडा. फ्रिजवरच्या चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जात नाही आणि एसएसडीला तर चुंबकाचा काहीच फरक पडत नाही. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात, ड्रिल लागली की त्यांचे तुकडे होतात, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला. एसएसडीत मात्र प्रत्येक काळी चिप फोडली पाहिजे, पट्टी मधोमध वाकवून भागत नाही. उरलेला चुरा ई-कचऱ्यातच द्या, पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यात नको.

प्रश्न : मडगावात माझं छोटं क्लिनिक आहे. रिसेप्शनचा कॉम्प्युटर बदलतोय. एक जण ‘35 वेळा पुसणारं मिलिटरी वाइप’ करून देतो म्हणतो, पैसेही भरपूर सांगतो. 35 वेळा लागतं का?

उत्तर : नाही, डॉक्टर. 35 हा आकडा पीटर गुटमन यांच्या 1996 च्या लेखातून आला. त्या काळच्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्क त्यांनी एकत्र धरल्या होत्या. कुठल्याही एका डिस्कला ते सगळे फेरे लागत नाहीत, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केलं. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था एनआयएसटी हिच्या 2014 च्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण लिहिलं की पुरतं. एसएसडीवर 35 फेऱ्यांनी डिस्क झिजते आणि राखीव जागा तशीच राहते. त्या माणसाला डिस्क कुठल्या जातीची आहे ते विचारा. त्याने तो प्रश्न स्वतःहून तुम्हाला विचारलाच नसेल, तर काम त्याला देऊ नका.

तुमच्या बाबतीत मी एक पायरी पुढे जाईन. तो कॉम्प्युटर विका, पण डिस्क विकू नका. पेशंटची नावं, आजार आणि फोन नंबर त्यात आहेत, ते त्यांनी तुमच्या भरवशावर दिले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, क्लिनिकला नाही. माहिती नीट न राखल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये ठेवली आहे. नवी डिस्क घालून मशीन विका. जुनी पुसून फोडा, कोणी, कधी आणि कशी फोडली ते सीरियल नंबरासकट क्लिनिकच्या वहीत लिहा आणि खाली सही करा. बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेण्याची पद्धत असेल तर ते पेन ड्राइव्हही रिसेप्शनच्या ड्रॉवरमधून त्याच दिवशी काढून घ्या.